शेततळे, अनुदान आणि भूजल: जलसंधारणाच्या अर्थसाहाय्याचा अभ्यास

शेतकऱ्याला जलसंधारणासाठी शासन पैसे देते, हे आपल्याला माहीत असते. पण पैसे नेमके कशासाठी मिळतात, कोणत्या अटीवर मिळतात आणि त्यातून पाणी खरोखर वाढते का, हे प्रश्न आपण क्वचित विचारतो. या पाठात महाराष्ट्रातील ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना उदाहरण म्हणून घेऊन आपण त्यांची उत्तरे शोधणार आहोत.

१. पार्श्वभूमी

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. नालाबांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती ही त्यांतली प्रमुख कामे होती. त्यांचे वैशिष्ट्य असे की, पाणी एका जागी अडले तरी ते जमिनीत मुरून आसपासच्या अनेक विहिरींना मिळत असे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जलयुक्त शिवार’ अभियानातही अशीच सामूहिक कामे होती.

फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत मात्र लाभधारक गाव नसून एकटा शेतकरी होता. हा बदल लक्षात ठेवा; पुढची सारी चर्चा त्याभोवती आहे.

२. योजनेचे स्वरूप

ज्या गावांची पैसेवारी मागील पाच वर्षांत एकदा तरी ५० पैशांपेक्षा कमी आली, तेथील शेतकरी अर्ज करू शकत. नावावर किमान ०.६० हेक्टर जमीन असणे आवश्यक होते. दारिद्र्यरेषेखालील शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांचे वारस यांना प्राधान्य होते. ३० × ३० × ३ मीटर आकाराच्या तळ्यासाठी कमाल ५०,००० रुपये अनुदान ठरले. खोदाई आधी स्वतःच्या खर्चाने करायची आणि काम पूर्ण झाल्यावर रक्कम बँक खात्यात जमा व्हायची.

३. अटी कोणाला परवडतात?

३० × ३० मीटरचे तळे ९०० चौरस मीटर, म्हणजे ९ आर जागा व्यापते. ६० आर जमीन असलेल्या शेतकऱ्याची १५ टक्के जमीन त्यात जाते. बांधाची जागा वेगळी. पाच हेक्टरवाल्याची दोन टक्केही जात नाही. शिवाय आधी खर्च करायचा, तर हाताशी पैसा किंवा उसनवारीची सोय हवी. म्हणजे नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार सारखा नाही. कागदावर प्राधान्य गरिबाला असले, तरी अर्ज करण्याची ऐपत ज्याची त्याचीच असते.

४. पाणी येते कोठून?

शेततळ्याचा मूळ हेतू सरळ आहे: पावसाळ्यात शेतातून वाहून जाणारे पाणी अडवायचे आणि पावसाने ताण दिला की पिकाला एक-दोन संरक्षित पाणी द्यायचे. अशा तळ्यात पाणी ओघळीने येते.

प्रत्यक्षात नाशिक, अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांत वेगळे चित्रही दिसले. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालायचे, विहीर किंवा बोअरवेलचे पाणी मोटारीने उपसून त्यात भरायचे आणि उन्हाळ्यात द्राक्ष, डाळिंब, मोसंबीच्या बागा जगवायच्या. अस्तरामुळे पाणी खाली मुरत नाही. म्हणजे हे तळे पाणी अडवत नाही. सर्वांच्या खालचे पाणी वर काढून एकाच्या ताब्यात ठेवते.

यात पाणी वायाही जाते. तळ्याच्या बाजूंना १:१ उतार धरला, तर त्याची क्षमता सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर येते. बाष्पीभवन दिवसाला ६ मिलिमीटर धरा. भरलेल्या तळ्यातून रोज ५,४०० लिटर पाणी उडून जाईल. पातळी कायम राखली, तर १२० दिवसांत साधारण साडेसहा लाख लिटर, म्हणजे क्षमतेच्या पाव भागाहून अधिक. तेच पाणी जमिनीखाली राहिले असते, तर ही तूट जवळजवळ झाली नसती.

५. शेतकऱ्याचा दोष की नियमाचा?

येथे शेतकऱ्याला स्वार्थी म्हणणे सोपे, पण चुकीचे आहे. भूजल हे सामाईक संसाधन आहे. ‘मी उपसले नाही, तर शेजारी उपसेल’ हे प्रत्येकाला कळते. अशा वेळी साठवणुकीसाठी अनुदान मिळाले आणि उपशावर मर्यादा नसली, तर आधी उपसणे हाच शहाणपणा ठरतो. बाग वाळली तर अनेक वर्षांची गुंतवणूक बुडते. ती भीती खरी आहे. दोष मोजमापात आहे: योजनेची प्रगती खोदलेल्या तळ्यांच्या संख्येवर मोजली, तर भूजलपातळी कोणाच्याच हिशेबात येत नाही.

६. तुलना: हिवरे बाजार

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारनेही शासनाचाच पैसा वापरला: रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेचा. पण आदर्श गाव योजनेत निधीबरोबर श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व नसबंदी ही पंचसूत्री आली. गावाने आणखी पुढे जाऊन शेतीसाठी बोअरवेल आणि ऊस, केळीसारखी जास्त पाण्याची पिके यांना मनाई केली. पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. पाणी अडवण्याइतकाच ते वापरण्याचा नियमही येथे महत्त्वाचा ठरला.

प्रत्येक गावाला हे जमेलच असे नाही. एकजूट आणि टिकाऊ नेतृत्व अनुदानाने विकत घेता येत नाही. मात्र तळ्यात पाणी कोठून येणार, ही अट घालणे आणि ती तपासणे शासनाच्या हाती नक्कीच आहे.

७. सारांश

जलसंधारणाचे अनुदान दोन कामे करू शकते: पाण्याचा एकूण साठा वाढवणे किंवा असलेल्या साठ्याची वाटणी बदलणे. बाहेरून दोन्ही तळी सारखीच दिसतात. फरक कळण्यासाठी पाण्याचा स्रोत, अस्तर आणि उपशाचा नियम या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

स्वाध्याय

१. पाझर तलाव आणि अस्तर घातलेले शेततळे यांच्या लाभक्षेत्रातील फरक स्पष्ट करा.
२. २० × २० × ३ मीटरच्या तळ्यातील रोजचे बाष्पीभवन वरील पद्धतीने काढा.
३. आपल्या राज्यातील एखादी जलसंधारण योजना निवडा. तिच्या अटी अल्पभूधारकाला परवडतात का, ते आकडेमोडीसह मांडा.