पहिला थेंब कधी?

नळ सोडल्यावर पहिला थेंब कधी येतो आणि मिनिटाला किती बादल्या भरतात, हे आपण वेगवेगळे मोजतो. संगणकाच्या स्मृतीचेही तसेच. सोनीच्या प्लेस्टेशन २ (२०००) या खेळयंत्राची मुख्य स्मृती सेकंदाला ३.२ अब्ज बाइट देऊ शके. निन्टेंडोच्या गेमक्यूबची (२००१) सुमारे २.६ अब्ज. मग प्लेस्टेशन सरस? जाहिरातीतल्या आकड्यांवरून तसे वाटेल खरे! पण गेमक्यूबची स्मृती सुमारे १० नॅनोसेकंदांत उत्तर देई, म्हणजे तिच्या ४८५ मेगाहर्ट्झ प्रोसेसरचे जेमतेम पाच ठोके. प्लेस्टेशनची रॅमबस स्मृती पहिला बाइट द्यायला बराच अधिक वेळ घेई. चित्राचे ठिपके ओळीने न्यायचे तर मोठा नळ उत्तम. मात्र एका उत्तरावरून पुढचा पत्ता कळत असेल, तर दर खेपेला पहिल्या थेंबासाठी थांबणे आले. ते टाळण्यासाठी सोनीने प्रोसेसरमध्येच १६ किलोबाइटची जलद स्मृती ठेवली होती: हाताशी भरलेला तांब्याच म्हणा ना.