घरचे आरोग्य : पाणी, ताट आणि अंगमेहनत

दावणीचा बैल रोडावला तर शेतकरी दोन दिवसांत ओळखतो. वैरण, पेंड, पाणी यांपैकी कशात उणे आले याचा शोध घेतो. घरातील माणसांविषयी मात्र ही चौकशी दुखणे अंथरुणास खिळवीपर्यंत आपण करीत नाही. वास्तविक ज्या दुखण्यांपायी बीड वा अंबाजोगाईच्या इस्पितळाच्या फेऱ्या घडतात, त्यांतील पुष्कळ एकट्याची नसून साऱ्या घराची असतात. कारण रांजण एक व चूलही एक. तेव्हा उपायही साऱ्या घराने मिळूनच करावयास हवा.

प्रथम पाण्याचे पाहू. जुन्या माणसांस नारू ठाऊक असेल. पायऱ्यांच्या बारवेत रोगी उतरे, त्याच्या पायाच्या जखमेतून कृमीच्या अळ्या पाण्यात पडत व ते पाणी पिणारास सुमारे वर्षाने नारू निघे. या रोगास लस नाही, औषधही नाही. तरी १९९६ नंतर भारतात त्याचा एकही रोगी आढळला नाही व २००० साली देश नारूमुक्त ठरला. हे साधले ते मुख्यत्वे पाणी फडक्याने गाळून व बारवांत उतरणे बंद करून.

हगवण, कावीळ, विषमज्वर यांस नुसते गाळणे पुरत नाही. जंतू मारावे लागतात. विहिरीचे माप काढणे शेतकऱ्यास अवघड नाही. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असता ते सुमारे साडेसदतीस हजार लिटर भरते. हजार लिटरांस अडीच ग्रॅम या हिशेबाने त्यास ९४ ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागेल. ती बादलीत कालवावी, चुन्याचा साका खाली बसू द्यावा व वरची निवळ तेवढी सायंकाळी विहिरीत सोडून सकाळी पाणी भरावे. पावडर ताजी व बंद डब्यातील हवी. उघड्या पोत्यात पडून राहिलेली निःसत्त्व होते.

आपला मुलूख अवर्षणाचा. पाणी साठविल्यावाचून गत्यंतर नाही. परंतु त्याच पिंपात डेंग्यूचा डास अंडी घालतो व आठ-दहा दिवसांत नवी पैदास उडते. अंडी कडेस चिकटून राहत असल्याने पिंप केवळ रिते करून भागत नाही. आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावे, एरवी तोंडास कापड बांधावे.

आता वजनाविषयी. मोट गेली, पंप आला. शेताची वाट मोटारसायकलीने सरते. भूक मात्र पूर्वीच्याच मापाची राहिली. त्यात चहा! पाच कपांत दोन-दोन चमचे म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठी पंचवीस ग्रॅमच्या आत राहणे इष्ट मानते. ऊस आपण पिकवितो म्हणून साखर आपणच संपविली पाहिजे असे नाही. पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरांहून अधिक भरल्यास मधुमेह व रक्तदाब यांची तपासणी करावी. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ५० ते ६२ किलोंत असणे बरे. बाजरी-ज्वारीची भाकरी सोडू नये, कोरड्यास डाळ व पालेभाजी असावी आणि शेतास निदान एक वेळ पायी जावे.

याच घरात दुसरे टोकही दिसते, व त्याचे या लेखकास अधिक वाईट वाटते. धनी स्थूल, आणि सून निस्तेज, जिना चढता धापा टाकणारी. सर्वांचे उरकल्यावर ती जेवावयास बसते तेव्हा डाळ तळास गेलेली असते. तिला कामचुकार म्हणण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्यावे. डाळ व भाजी प्रथमच सर्वांच्या वाट्याची काढून ठेवावी, किंवा सर्वांनी एका पंगतीस बसावे. भाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अधिक अंगी लागते; आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण तो हेच लोह अडवितो.