झाडपाल्याचं औषध, त्याचा काय अपाय?

हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. मैत्रिणींनो, त्यावर चिनी औषधांच्या दोन गोष्टी सांगते.

चौथ्या शतकात गे होंग या चिनी विद्वानानं लिहून ठेवलं होतं, तापावर मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळून रस प्या. १९७१ मध्ये बीजिंगच्या संशोधक तू यूयू मलेरियावर औषध शोधत होत्या. या झाडाचा अर्क कधी लागू पडे, कधी नाही. जुन्या कृतीत उकळायला मुळी सांगितलंच नव्हतं! उष्णतेनं गुण जात असेल, असं बाईंच्या मनात आलं. मग त्यांनी कमी तापमानावर ईथरमध्ये अर्क काढला. आधी उंदीर-माकडांवर, मग १९७२ मध्ये स्वतः घेऊन पाहिला, मगच रुग्णांना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ मध्ये बाईंना नोबेल! आपल्याकडेही मलेरियाच्या एका घातक प्रकारावर याच जातीचं औषध देतात.

दुसरी गोष्ट ब्रुसेल्सची. १९९० च्या सुमारास तिथं वजन उतरवण्याच्या गोळ्यांत चिनी वनस्पती घालत. नावं जवळजवळ सारखी, म्हणून एका मुळाऐवजी अ‍ॅरिस्टोलोकियाचं मूळ आलं. शंभरावर रुग्णांची मूत्रपिंडं बिघडली, बहुतेक बायकाच. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

आमच्या महिला मंडळातही बारीक होण्याच्या बिनलेबलच्या पुड्या येतात. मी आधी विचारते, यात झाड कुठलं, भाग कुठला आणि तपासलं कुणी? बहुतेकदा विकणारी गप्प होते.