पर्यावरण राखण्यास माणसांचे नियोजन हवे



परभणी येथे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. जमीन, पाणी व मित्रकीटक राखण्याच्या शिफारशी विद्यापीठ देते. परंतु शिफारस राबविणारा माणूस नसेल तर ती कागदावरच राहते. योग्य माणूस निवडणे, त्यास शिकविणे, काम नेमून देणे, ते तपासणे व चांगल्या कामाची कदर करणे, यास मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात.

विद्यापीठात काय हवे?

वर्गात सेंद्रिय कर्बाचे महत्त्व शिकवावे आणि प्रक्षेत्रावर पालापाचोळा पेटवावा, असे झाल्यास शिकवण वाया जाते. म्हणून पर्यावरणाचे प्रशिक्षण शास्त्रज्ञापासून प्रक्षेत्रावरील मजुरापर्यंत सर्वांना हवे. वार्षिक मूल्यमापनात संशोधन लेखांबरोबर पाणी व वीज किती वाचविली, कंपोस्ट किती केले, हेही मोजावे.

आपल्या शिवारात काय करावे?

परभणी-परळी लोहमार्गावरील पोखर्णीच्या परिसरातही हेच सूत्र लागू पडते. कपाशीत गुलाबी बोंडअळीच्या टेहळणीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतात. सापळा लावणे एका दिवसाचे काम; पतंग मोजणे रोजचे. सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग आढळल्यास उपाय योजावेत, अशी शिफारस आहे. मोजणारा ठरलेला नसेल तर फवारणी अंदाजाने होते. त्यात खर्च वाढतो आणि मित्रकीटकही मरतात.

अंदाजाची फवारणी जिवावरही बेतते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामुळे पुढील बाबी पाळाव्यात :

१) सापळ्यांची नोंद घरातील एकाकडेच सोपवावी. हे काम मुलगा, मुलगी किंवा सूनबाई कोणीही करू शकेल.

२) फवारणाऱ्या मजुरास हातमोजे, मुखपट्टी व चष्मा द्यावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, हे समजावून सांगावे.

३) ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठी गावात येणाऱ्या कृषि पदवीच्या विद्यार्थ्यांना बांधावर न्यावे व आपली नोंदवही दाखवावी.

४) नीट काम करणाऱ्या सालगड्याची चारचौघांत वाखाणणी करावी.

बियाणे व औषध दुकानात मिळते. जबाबदार माणूस मात्र घडवावा लागतो. येत्या हंगामाचे नियोजन करताना पिकांच्या यादीशेजारी कोणते काम कोणाकडे, हेही लिहून ठेवावे.