चाक कुठून आणले?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावी तान्हा पोळा भरतो. श्रावण अमावास्येला शेतात राबणाऱ्या बैलांचा मान असतो. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला तो मुलांच्या लाकडी नंद्यांकडे येतो. विदर्भाबाहेरील वाचकांना हे दृश्य कदाचित परिचित नसेल. लाकडाचा बैल, त्याच्या पायांखाली फळी, फळीला चार चाके आणि पुढे ओढायला दोरी, असे त्याचे साधे रूप. झूल, शिंगांची बेगड, गळ्यातील घुंगरमाळ हे मात्र बहुधा घरचेच असते. नंदी ओढत मुले घरोघर जातात आणि बोजारा घेऊन परततात. बैल विकतचा असो वा आजोबांच्या काळातला, दरवर्षी घरात त्याच्यावर काही ना काही काम होते. कुणी चाके बदलतो, कुणी रंग देतो, कुणी मोडलेले शिंग पुन्हा बसवतो.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने नंदीच्या मागे मालट्रक जोडला. पुठ्ठ्याचा, स्वतः केलेला, क्रमांकपट्टीवर एमएच २९ असे ठसठशीत लिहिलेला. गावातील एका वृद्ध गृहस्थांच्या कपाळाला आठी पडली. पोळ्यात ट्रक कशाला, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र त्यात विसंगती वाटली नाही. मुले जे पाहतात ते घडवतात. आमच्या पिढीने ज्वारीच्या धांड्यांच्या बैलबंड्या केल्या. आजच्या मुलाच्या डोळ्यांसमोरून कापसाने फुगलेले, ताडपत्री आवळलेले ट्रक जातात, वणीकडच्या रस्त्यावर कोळशाचे जातात. तो ट्रक करील हे स्वाभाविकच आहे.

या ट्रकची हकीकत सांगण्यामागे दोन कारणे आहेत. असे काम मुलाच्या हाताला, डोळ्याला आणि चित्ताला काय देते, हे पालकांनी जाणून घ्यावे, हे पहिले. दुसरे कारण त्या ट्रकच्या चाकांत दडलेले होते. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

प्रथम कामाविषयी. विकतच्या खेळण्याचे प्रमाण कारखान्याने ठरवलेले असते. घरी केलेल्या प्रतिकृतीचे प्रमाण ठरते ते हाती आलेल्या चाकावरून, कारण बाकी सारे कापून लहानमोठे करता येते, गोल चाक मात्र सहजासहजी करता येत नाही. पाण्याच्या साध्या बाटलीचे झाकण सुमारे ३० मिलिमीटर व्यासाचे असते. मोठ्या मालट्रकचे चाक, टायर धरून, साधारण १०५० मिलिमीटरचे. भागाकार केला की ३५ येतात. म्हणजे हा ट्रक मूळ वाहनाच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा झाला पाहिजे. अडीच मीटर रुंदीचा ट्रक मग सात सेंटीमीटर रुंद, साडेसात मीटर लांबीचा सुमारे एकवीस सेंटीमीटर लांब, आणि केबिनशेजारी उभा करायचा क्लीनर पाच सेंटीमीटरहून किंचित कमी. पाचवी-सहावीच्या वर्गात गुणोत्तर-प्रमाणाने रडवलेला मुलगा हा हिशेब आनंदाने करतो. क्लीनर केबिनपेक्षा उंच झाला की चूक त्याची त्यालाच दिसते. तांबड्या शाईची गरज पडत नाही.

सुट्या भागांसाठी घरातच खजिना असतो. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद केबिनला उत्तम, कारण त्याची घडी धारदार बसते. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावरील पारदर्शक फुगवटा कापला की पुढचा दिवा तयार होतो. आत चकचकीत वेष्टनाचा तुकडा ठेवला तर तो उजळतोही. सायकलचा मोडका स्पोक हा आस, आणि तो ज्यात सैल फिरेल अशी कोणतीही पोकळ नळी ही त्याची बैठक. खोक्यांना बांधून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे उतरत्या लांबीचे तुकडे एकावर एक ठेवून मधोमध दोऱ्याने आवळले की खऱ्यासारखे पाटे होतात, आणि ते खरोखरच दबतात. हौद्याला आइस्क्रीमच्या काड्या, मागे उघडझाप होणारा फाळका, फाळक्याला कापडी बिजागरी. मागच्या आसावर प्रत्येक बाजूला दोन-दोन झाकणे जोडून लावायची, कारण मालट्रकला मागे जोडचाके असतात. ही गोष्ट मुले मोठ्यांच्या आधी हेरतात. आणि फाळक्यावर काय लिहायचे, यावर घरात अर्धा तास चर्चा होते! ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास राज्याच्या परिवहन विभागाने २०१५ साली मनाई केली, ती पस्तिसाव्या हिश्शाच्या ट्रकला लागू नसावी.

सर्वांत कठीण काम चेसिसचे. भाच्याची पहिली चौकट चार काड्यांची होती. हौदा ठेवताच ती तिरपी झाली. दुसऱ्या वेळी त्याने डिंक अधिक लावला, तरी ती तिरपीच. येथे मला अरविंद गुप्ता यांची आठवण झाली. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन ते पुण्याच्या टेल्को कारखान्यात, म्हणजे खऱ्या ट्रकांच्या दुनियेत दाखल झाले. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करायला गेले, आणि तेथे सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून त्यांनी मुलांसाठी रचनांचा एक संचच उभा केला. पुढे पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी घडवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आगकाड्यांतून मुलाला पहिल्याच दिवशी कळते की चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. भाच्याला मी एवढेच म्हटले, ‘‘चौकटीत एक तिरपी काडी टाकून पाहा.’’ त्याने टाकली. चौकट हलेना. मग त्याने उरलेल्या दोन्ही घरांत तिरप्या काड्या टाकल्या आणि मला विचारले, ‘‘मामा, हे तू आधी का नाही सांगितलं?’’

आधी सांगितले असते तर दोन चौकटी वाया गेल्या नसत्या, हे खरे. पण त्या वाया गेलेल्या चौकटींतच या कामाचे आरोग्यमूल्य आहे, असे माझे मत आहे. मोबाइलच्या पडद्यावरील खेळात चूक झाली की नवा डाव क्षणात सुरू होतो. येथे डिंक वाळेपर्यंत थांबावे लागते. काम करताना एक हात वस्तू धरून स्थिर राहतो, दुसरा कापतो. दोन हातांची ही वाटणी, अंगठा व तर्जनीची नेमकी पकड, डोळ्याने मापलेले अंतर हाताने पाळणे, या गोष्टी सरावानेच येतात, आणि लेखनापासून गुंडी लावण्यापर्यंत सर्वत्र लागतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली आपल्या डॉक्टरांना आवाहन केले की बालकांच्या तपासणीच्या वेळी पालकांना खेळाचीही शिफारस करावी. आपल्याकडील आजीला हे सांगावे लागले नसते. पण आजीजवळ बसायला नातवाला वेळ कुठे आहे? ट्रकच्या निमित्ताने तो बसतो. झूल शिवणाऱ्या हातांनी ताडपत्री शिवली, आणि हौद्याचे माप आजोबांनी वितीने घेतले, ते चुकले, त्यावरून हशाही झाला.

हे केवळ लहानांचे काम नव्हे. अमेरिकेत १९३० ते १९६८ या काळात एका मोटार कंपनीच्या आश्रयाने कुमारवयीन मुलांची मोठी स्पर्धा चालत असे. प्रारंभी नेपोलियनच्या काळातील बग्गीची प्रतिकृती हाताने करायची, पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीची, मूळ आकाराच्या बाराव्या हिश्शात. विजेत्यांना महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळे. बग्गीकडून मोटारीकडे, आपल्या नंदीकडून ट्रककडे आल्यासारखेच. तेथे प्रवेश केवळ मुलग्यांना होता. आपण ही चूक करू नये. धाकट्या भाचीने केबिनचा दरवाजा बसवला तो भाच्यापेक्षा सुबक होता.

आता त्या चाकांकडे येतो. ट्रक पूर्ण होत आला तेव्हा पुढची दोन चाके पांढरी, पाण्याच्या बाटलीची होती. मागची चार मात्र लालभडक, थोडी मोठी, कडेला खोल खाचा असलेली. अगदी टायरची नक्षी वाटावी अशी. आजोबांनी ट्रक डोळ्यांजवळ नेला आणि तेथेच त्यांचा हात थांबला. त्यांना वास आला होता. ‘‘चाक कुठून आणलंस?’’ त्यांनी विचारले. गोठ्याच्या वळचणीला पडलेल्या रिकाम्या बाटल्यांची ती झाकणे होती. फवारणीच्या औषधाची. आदल्या दिवशी त्या झाकणांना तापल्या सुईने भोक पाडताना भाच्याने दोन झाकणे दातांत धरली होती, हे नंतर कळले.

सुदैवाने त्याला काही झाले नाही. त्याचे हात साबणाने धुतले, चुळा भरवल्या, कपडे बदलले आणि दवाखान्यात दाखवून आणले. तथापि त्या रात्री घरात कुणी नीट जेवले नाही.

२०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि काहींच्या दृष्टीवरही परिणाम झाला. ती माणसे मोठी होती, औषध हाताळत आहोत हे त्यांना ठाऊक होते. मुलाला ते ठाऊक नसते. अनेक कीटकनाशके तोंडावाटे पोटात गेली तरच बाधतात असे नाही. ती कातडीतूनही शरीरात शिरतात, आणि मुलाचे वजन कमी असल्याने थोडी मात्राही त्याला अधिक बाधते. झाकणाच्या आतील आट्यांत औषध साचून राहते आणि घरच्या धुण्याने ते पूर्ण निघेल याची खात्री नाही. म्हणून कितीही धुतले, उकळले, उन्हात ठेवले तरी अशा बाटलीचा, झाकणाचा वा डब्याचा कोणताही भाग खेळण्यात वापरू नये. वेष्टनावरील तिरप्या चौकोनाचा खालचा त्रिकोण लाल असेल तर ते अतिजहाल विष; पिवळा, निळा व हिरवा या त्यापुढील उतरत्या पायऱ्या. हिरवा म्हणजे निरुपद्रवी, असा त्याचा अर्थ नाही. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच घालावे, बाटलीला भोके पाडून ती निकामी करावी आणि गोठ्यात वा घरात मुळीच ठेवू नये.

मुलाला अचानक खूप घाम येणे, लाळ सुटणे, उलट्या, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, स्नायू थरथरणे, श्वास लागणे, यांपैकी काही दिसले तर उलटी करवण्याच्या खटपटीत पडू नये. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली किंवा तिचे वेष्टन डॉक्टरांना दाखवण्यासाठी जपून सोबत न्यावे. त्यावरील नावाने उपचाराचा वेळ वाचतो.

कामाच्या पाटावरील इतर धोके त्यामानाने लहान आहेत, पण सांगितलेच पाहिजेत. क्षणात चिकटणारा गोंद सुती कापडावर वा कापसावर सांडला तर तो तापतो, कधी चटका बसेल इतका. कापसाच्या जिल्ह्यात हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणपाण्यात धरून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेला तर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे. नळाची पांढरी पीव्हीसी पाइप तापवून वाकवण्याचा मोह टाळावा, कारण ती जळू लागली की घशाला व फुफ्फुसाला झोंबणारा वायू निघतो. जुन्या दारा-खिडक्यांचा रंग खरवडून घेऊ नये. घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या रंगांत ते पुष्कळ असू शकते. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापायचा तर मोठ्या माणसाने कापावा आणि कडा दुमडून द्याव्यात.

दिव्यांसाठी बटनासारख्या चपट्या बॅटऱ्या वापरल्या जातात, त्यांविषयी मी कठोर आहे. अशी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. घरात तान्हे मूल असेल तर दिवे लावूच नयेत. गोळ्यांच्या पाकिटाचा फुगवटा पुरेसा शोभतो. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती झाकणे व मणीही देऊ नयेत. बारीक काम दिवसाउजेडी, खिडकीजवळ करावे आणि वीस-पंचवीस मिनिटांनी मुलाला अंगणात पिटाळावे. डोळ्यांना दूरचे पाहायला मिळते, आणि डिंकही तोवर वाळतो.

लाल चाके त्याच संध्याकाळी काढली. नव्या चाकांसाठी गल्लीतून पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणे जमवायला भाच्याला दोन दिवस लागले, आणि ती लहान असल्याने मागचा आस खाली आणावा लागला. पाट्यांची एक पट्टी वाढवून त्याने ते साधले. तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीत ट्रक थोडा डावीकडे ओढत होता. मारुतीच्या पारापाशी एका मुलाने वाकून चाकांकडे पाहिले आणि ती कशाची आहेत असे विचारले. भाच्याने उत्तर देण्याआधी त्यालाच विचारले, ‘‘तुझ्या नंदीची कशाची आहेत?’’