धावत्या मुलींचे संगोपन

1928 साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांना आठशे मीटर धावण्याची मुभा प्रथमच मिळाली, आणि जर्मनीच्या लीना राड्के हिने ते अंतर 2 मिनिटे 16.8 सेकंदांत कापून जागतिक उच्चांक प्रस्थापित केला. परंतु वृत्तपत्रांनी या पराक्रमापेक्षा शर्यतीनंतर दमून आडव्या झालेल्या मुलींचेच अतिरंजित वर्णन छापले, आणि त्या कैफियतीवर विसंबून क्रीडाधुरीणांनी ही शर्यत स्त्रियांच्या कार्यक्रमातून जी बरखास्त केली, ती 1960 पर्यंत पुन्हा दाखल होऊ दिली नाही. आठशे मीटर जीव तोडून धावल्यावर पुरुषही आडवे होतात, हे त्यांपैकी कोणाच्या ध्यानात आले नसावे! पुढे 1972 साली 1500 मीटर, 1984 साली मॅरेथॉन, 1988 साली दहा हजार मीटर आणि 2008 साली स्टीपलचेस अशा एकेका शर्यतीला मंजुरी मिळत गेली, व स्त्रीला लांब पल्ला झेपतो काय, हा वाद कायमचा निकालात निघाला.

तिला धावायला शिकवावे कसे, हा प्रश्न मात्र तितक्या गांभीर्याने विचारला गेला नाही. मुलांसाठी बसविलेला सरावाचा शिरस्ता किंचित सौम्य करून मुलींना लागू केला की आपले कर्तव्य संपले, अशी पुष्कळ प्रशिक्षकांची समजूत असते. वस्तुतः तेराव्या-चौदाव्या वर्षापासून दोघांच्या वाटा अलग होतात. मुलगा वयात येतो तसतसे त्याचे स्नायू भरतात, रक्त समृद्ध होते, आणि त्याची वेळ दर हंगामाला जवळजवळ आपोआप सुधारते. मुलीची उंची वाढते, कंबर रुंदावते, अंगावर आवश्यक ती चरबी चढते, आणि काल तालुक्यात पहिली आलेली पोर वर्ष-दोन वर्षे जागच्या जागी अडते किंवा मागेही पडते. हा निसर्गाचा क्रम आहे, आणि धीर धरला तर त्यातूनच पुढे प्रौढ धावपटूचे बळ उभे राहते. पण नेमक्या याच मुदतीत “वजन वाढलंय, जरा कमी कर” हा सल्ला मैदानावर सर्रास दिला जातो. वाईट असे, की तो सल्ला काही महिने फळतो: हलक्या झालेल्या शरीराने मुलगी जोरात धावते, पदक मिळते, सरांचा शब्द खरा ठरतो, आणि वर्षभरात नडगी दुखू लागते.

यामागील कारणमीमांसा आता पुरेशी स्पष्ट झालेली आहे. पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलीला दहा किलोमीटर धावण्यास सुमारे 450 उष्मांक खर्ची घालावे लागतात, म्हणजे मध्यम आकाराच्या तीनेक भाकरींचा ऐवज केवळ रस्त्यावर जातो. तो वजा जाता शरीराला जे शिल्लक राहते, ते चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला तीस उष्मांकांच्या खाली आले, तर पाळीचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांची लय अवघ्या पाच दिवसांत बिघडू शकते, असे प्रयोगांती आढळले आहे. शरीर अशा टंचाईत हृदय आणि मेंदू यांचा पुरवठा राखून प्रजननाचे खाते प्रथम बंद करते, आणि त्या संप्रेरकांच्या अभावी हाडांची भरणी थांबते. अपुरा आहार, बंद पडलेली पाळी आणि ठिसूळ हाडे या त्रयीचा संबंध अमेरिकेतील क्रीडावैद्यकांनी 1992 साली मांडला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली त्याची व्याप्ती वाढवून हृदय, प्रतिकारशक्ती व मनःस्वास्थ्य यांचाही त्यात समावेश केला. हाडांची बहुतेक सारी पुंजी विसाव्या वर्षापर्यंतच जमा होत असल्याने सोळाव्या वर्षी बुडालेली जमा पुढे पूर्णपणे भरून निघेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

अमेरिकेच्या मेरी केन या मुलीने 2013 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मॉस्को येथील जागतिक स्पर्धेत 1500 मीटरची अंतिम फेरी गाठली होती. सहा वर्षांनी तिने जाहीरपणे सांगितले, की वजन घटविण्याच्या अखंड दबावाखाली आपली पाळी तीन वर्षे बंद होती आणि पाच हाडे मोडली. उत्तमोत्तम सामग्री दिमतीला असलेल्या संघात जर हे घडते, तर जिल्ह्याच्या मैदानावर काय घडत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आपल्याकडील उदाहरणे उलट बाजूची साक्ष देतात. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत हिने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली व तेथे दहावी आली, तेव्हा तिला सत्ताविसावे वर्ष सरलेले होते. या पल्ल्याचे फळ पंचविशीनंतर पिकते. आपली शालेय स्पर्धांची यंत्रणा, आणि दहावी-बारावीच्या निकालात पडणारे क्रीडागुण, ते सतराव्या वर्षीच तोडायला निघतात. पालकांचा त्यात दोष धरवत नाही, कारण गुणपत्रिकेचे मोल त्यांना रोकडे दिसते.

आहाराविषयी थोडे तपशिलात बोलले पाहिजे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले, आणि अशा मुली पहाटे उपाशीपोटी आठ किलोमीटर धावून परत आल्यावर चहा-बिस्किटे घेऊन शाळेत जातात! चहाने अन्नातील लोह नीट अंगी लागत नाही. त्याऐवजी मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळून दिले, तर तेच लोह अधिक शोषले जाते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि नाशिकच्या डोंगराळ भागात ती घरोघरी पिकते. धावणे संपताच तासाभरात पोटभर न्याहारी, ही सरावाच्या वेळापत्रकाचीच एक बाब मानली पाहिजे. ती मुलीच्या घरच्या सवडीवर सोडता कामा नये.

राहिला पाळीचा विषय. “सर, पोटात दुखतंय” एवढेच मुलगी म्हणते, सर समजायचे ते समजतात, आणि दोघेही संकोचाने दुसरीकडे पाहतात. पाळी थांबली तर कित्येक मुलींना स्पर्धेच्या दिवसांतील कटकट टळली म्हणून बरेच वाटते, आणि ‘सराव कडक असला की असे व्हायचेच’ असे वरच्या वर्गातील मुली त्यांना ठामपणे सांगतात. ही समजूत घातक आहे. नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरावे वर्ष उलटूनही ती सुरू झाली नाही, तर सरावाचा भार हलका करून डॉक्टरांकडे जाणे भाग आहे. पाळीच्या तारखांची नोंदवही मुलीने स्वतःजवळ ठेवावी. तिच्याविषयी विचारणा प्रशिक्षकाने चारचौघांत करू नये, तर संघाबरोबर असलेल्या एखाद्या बाईंनी किंवा थोरल्या ताईंनी आपुलकीने करावी. सर्वांसमक्ष वजन घेण्याची प्रथा तर तत्काळ बंद व्हावी. आणि नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर ‘बर्फ लाव आणि धाव’ असा हुकूम न सोडता धावणे थांबवून मुलीला तपासून आणणे, हे प्रशिक्षकाचे काम आहे, मग जिल्ह्याची निवड चार दिवसांवर का येऊन ठेपलेली असेना.

यासाठी परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. जिल्हा क्रीडा कार्यालयांनी मुलींच्या प्रत्येक निवासी शिबिराच्या मंजुरीतच एक महिला साहाय्यक, हंगामाच्या प्रारंभी रक्ताची तपासणी आणि सरावानंतरची न्याहारी या तीन बाबींचा खर्च धरावा, आणि मुलीला मैदानावर धाडण्यापूर्वी पालकांनी प्रशिक्षकाला एवढेच विचारावे: पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडे आलेल्या मुलींपैकी आज किती जणी धावतात?