परदेशातली तोडणी आणि इतवारीचा हिशेब

नागपुरातल्या इतवारीच्या ठोक धान्य बाजारात पोत्यामागे मजुरी घेणाऱ्या हमालाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: काम मिळणं वेगळं आणि कामाचा दर पदरात पडणं वेगळं. ट्रक उभा असला की पाठीला काम मिळतंच. दर मात्र नुसता मागून मिळत नव्हता, म्हणून 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालांची माथाडी मंडळाकडे नोंद होऊ लागली आणि मजुरी मालकाच्या मर्जीवर न राहता मंडळामार्फत मिळू लागली. परदेशात फिरता फिरता दोन-तीन महिने फळबागेत तोडणी करायची आणि त्या पैशांवर पुढचा प्रवास करायचा, या बेताकडेही याच नजरेनं पाहायला हवं. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा हाकेवर असल्यानं तो बेत इकडच्या पोरांना चटकन पटतो, आणि तिकडे मजुरांचा तुटवडा आहे हेही खरंच. चूक होते ती पुढच्या पायरीला. तुटवडा आहे म्हणजे आपण पोचलो की झालं, असं धरलं जातं. बाग कोणालाही सापडते. तिथं उभं राहून दर मागण्याचा हक्क व्हिसा देतो, आणि भारतीय पासपोर्टवर तो मोजक्याच दारांतून मिळतो.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज पर्यटक व्हिसाचा: जाऊन तर बघू, काम मिळालं की व्हिसा बदलून घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटक व्हिसावर काम न करण्याची अट असते. ब्रिटनमध्ये पर्यटकाला नोकरी करता येत नाही आणि हंगामी कामगाराचा व्हिसा देशाबाहेरूनच मागावा लागतो. याच समजुतीचा धाकटा भाऊ म्हणजे 'पैसे घेतले नाहीत तर ते काम नव्हे'. सेंद्रिय शेतावर राहण्या-जेवणाच्या बदल्यात हात लावण्याची 'वूफ' चळवळ 1971 मध्ये इंग्लंडात सुरू झाली, आणि ती आहेही छान. पण न्यूझीलंडच्या नियमांत फुकटची खोली आणि जेवण हा मोबदलाच धरला जातो. ब्रिटनमध्ये पर्यटकाला स्वयंसेवा करता येते ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, तीही 30 दिवसांपर्यंत. कुणाचा खासगी मळा त्यात बसत नाही.

मग दारं कोणती? कॅनडाचं नाव आधी घेतलं जातं आणि तिथंच गफलत होते. तिथली हंगामी शेतमजूर योजना 1966 मध्ये जमैकाबरोबर सुरू झाली, 1974 मध्ये मेक्सिको आला, आणि आजही ती मेक्सिको व कॅरिबियन देशांपुरतीच आहे. भारतीयाला दुसऱ्या मार्गानं, ठरावीक मालकाला मिळालेल्या मंजुरीवर जाता येतं. पण ते वाटेत सापडणारं काम नव्हे. ब्रिटनचा हंगामी व्हिसा कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुला आहे, मात्र सरकारनं मान्यता दिलेल्या मोजक्या संस्थांमार्फतच, आणि एका वेळी 6 महिन्यांपर्यंत. प्रवास आणि काम खरोखर एकत्र चालतं ते ऑस्ट्रेलियात, आणि 'ते भारतीयांसाठी नाहीच' हा उलट बाजूचा गैरसमज. डिसेंबर 2022 मध्ये अमलात आलेल्या व्यापार करारातून 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठी दर वर्षी 1,000 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा ठेवले आहेत. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि प्रवासभाड्याशिवाय 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलर शिल्लक हवेत. निवड लॉटरीनं होते. 2024 च्या पहिल्या फेरीत दोन आठवड्यांतच सुमारे 40,000 अर्ज आले. नाव लागलं नाही तर बुडतात ते नोंदणीचे 25 डॉलर. ग्रामीण भागात तीन महिने ठरावीक प्रकारचं पगारी काम केलं की दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो, म्हणून पाठीवर पिशवी टाकून फिरणारी पोरं तिकडच्या बागांत दिसतात.

कमाईचा गुणाकारही फसवा असतो. जुलै 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातलं किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झालं. त्याला आठ तासांनी, मग तीस दिवसांनी गुणलं की आकडा गोड दिसतो. पण कापसाची वेचणी किलोवर होते तशी तिकडची तोडणी बरेचदा पेटीच्या दरानं होते, आणि शेवटच्या वेचणीत बोंडं विरळ झाल्यावर किलो कसा भरत नाही, हे विदर्भाला सांगायला नको. आपल्या संत्र्यासारखी सुटी साल असलेली मँडरिन ओढून तोडली तर देठापाशी साल फाटते, म्हणून कात्रीनं देठ कापावा लागतो. नवख्याचा हात तिथंच अडखळतो. दवात भिजलेलं फळ तोडलं तर सालीतलं तेल फुटून डाग पडतो, म्हणजे सकाळचा वेळ गेला. खोलीचं भाडं मात्र पावसातही चालू. एप्रिल 2022 पासून मात्र तिथं नियम आहे की पेटीच्या हिशेबानं कमी भरलं तरी तासाचं किमान वेतन द्यावंच लागतं. हा नियम सर्वांसाठी असला तरी तो बोलून दाखवण्याची हिंमत कागद पक्का असलेल्यालाच होते.

यावर आक्षेप येतो: पंजाबातून कितीतरी माणसं कागदाशिवाय गेली आणि स्थिरावली. गेली खरी. पण स्थिरावलेल्याचंच घर गावात दिसतं. अडकलेला दिसत नाही. रोमच्या दक्षिणेला लातिना भागात पंजाबी मजुरांवर भाजीपाल्याची शेती चालते. जून 2024 मध्ये तिथं कागदपत्रांविना राबणाऱ्या एका मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराजवळ टाकून दिलं गेलं आणि तो दगावला. इटलीत अशा मजूर-दलालीविरुद्ध 2016 चा कडक कायदा आहे, तरीही. आपला ऊसतोड मुकादम उचल देऊन बांधतो, परदेशी पाठवणारा दलाल उचल घेऊन. कर्ज मजुराच्याच डोक्यावर. भारताच्या 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोकरीसाठी माणसं बाहेर पाठवणाऱ्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि त्याला 30,000 रुपये अधिक जीएसटी इतकंच शुल्क घेता येतं. दहावी पास माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी मंजुरी लागते असं सांगणारा) शिक्का नसतो म्हणून दलालालाही नोंदणी लागत नाही, ही समजूत साफ चुकीची. तो शिक्का 18 देशांपुरता, दलालाची नोंदणी सगळीकडे. वर्क अँड हॉलिडेत तर दलालाला करण्यासारखं काही उरतच नाही. कोणत्या महिन्यात कुठं तोडणी आहे, हे ऑस्ट्रेलिया सरकारची 'हार्वेस्ट ट्रेल' सेवा फुकट सांगते. क्वीन्सलंडच्या बर्नेट खोऱ्यात मे महिन्यात मँडरिनची तोडणी रंगात असते. तेव्हा काटोलच्या बागा मृग बहारासाठी ताणावर सोडलेल्या असतात.